लूमवरून आलेली गाडी

आरशात मालूबाईंचे ओठ हलले, आणि धर्मेंद्रने इच्छापूरच्या अलीकडच्या टपरीपाशी क्वालिस रस्त्याच्या कडेला घेतली.

"अरे!" तृप्ती म्हणाली. ती आजीच्या शेजारीच बसली होती. "आजी, तू आत्ता काही बोललीस का?"

"चहा म्हटलं."

"मला शेजारी बसून ऐकू नाही आलं. काकांना कसं काय आलं?"

"त्याचे कान तिखट आहेत," मालूबाई म्हणाल्या. "तुझे त्या मोबाइलनं गेले."

पुढच्या सीटवरच्या शारदावहिनी, म्हणजे मालूबाईंची सून आणि तृप्तीची आई, हसल्या. धर्मेंद्रही हसला. हे सगळं बोलणं त्याने आरशात पाहिलं होतं.

गाडीत आरसे दोन होते. एक गाडीबरोबर आलेला आणि दुसरा त्याच्याखाली बसवलेला, चांगला वीतभर लांब. तो धर्मेंद्रने बऱ्हाणपुरात शनवारा बाजारातल्या एका दुकानातून आणला होता. मागे लेकरं बसतात, लक्ष राहावं, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. निरंजन महाजन, मालूबाईंचा मुलगा आणि गाडीचा मालक, चारचौघांत सांगत असे की आमचा ड्रायव्हर लेकरांसाठी पदरचा आरसा लावतो. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. धर्मेंद्रचा उजवा कान गेला तो त्याच सुमारास. डावा हळूहळू त्याच्या मागून गेला. आता कोणी डाव्या बाजूला अगदी जवळ येऊन मोठ्याने बोललं, तर भिंतीपलीकडे कोणी काही बोलत असावं तेवढं पोचे. बाकीचं तो ओठांवरून घेई. ओठांवरून निम्मं कळे, उरलेलं माणसं ओळखीची असल्यामुळे कळे. शारदावहिनी पुढे बसल्या की मात्र त्यांचं बोलणं मान वळवून बघावं लागे, म्हणून त्या पुढे असल्या की गाडी जरा हळू चाले. "मी बसले की धरमभाऊ किती जपून चालवतात," असं त्या माहेरी सांगत.

ओठ वाचायला तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, शिकला होता. बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याच्या एका शेडमध्ये तेराव्या वर्षी तो कामाला लागला आणि एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत तिथेच होता. शेडमध्ये चोवीस लूम. ते चालू असले की माणसाला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. तिथे कोणी ओरडत नाही, कारण उपयोग नसतो. ओठ नीट उघडून, आवाज न काढता बोलायचं. लांबच्याला बोलवायचं तर सुताची रिकामी कांडी त्याच्या पायाशी फेकायची. सूत संपलं, मुकादम आला, जेवायला चल, प्रत्येकाची हाताची खूण ठरलेली. चंद्रभागा त्याच शेडमध्ये कांड्या भरायच्या मशीनवर होती. त्यांची सोयरीक घरच्यांनी जमवली, पण त्याआधी वर्षभर दोघं आवाज न काढता बोलत होती, आणि मुकादमाला वाटे, दोघं किती मन लावून काम करतात.

लग्नानंतरही सवय गेली नाही. एका खोलीत सासू-सासरे, पुढे लेकरं. त्यांच्या घरातलं भांडणसुद्धा बिनआवाजी होई. त्यामुळे धर्मेंद्रला ऐकू येईनासं झालं तेव्हा घरात काहीच बदललं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात आठ दिवसांत कळलं असतं.

ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्याला तसं कारण होतं. निरंजनच्या वडिलांनी, नानांनी, क्वालिस घेतली आणि ड्रायव्हर शोधायला लागले, तेव्हा लूमचं काम मंद पडलं होतं. धर्मेंद्र कापडाचे तागे टेम्पोने पोचवत असे, म्हणून लायसन्स होतं. नानांनी त्याला खंडव्यापर्यंत आणि परत असं चालवायला लावलं. वाटेत ते अखंड बोलत होते. केळीचे भाव, भाऊबंदकी, गुडघे. जैनाबादला घरी उतरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मी काय काय बोललो, सांग." धर्मेंद्रने सगळं सांगितलं, गुडघ्यासकट. "चालवणारे शंभर भेटतात," नाना घरच्यांना म्हणाले. "मले ऐकणारा पाहिजे होता."

नाना गेले त्याला नऊ वर्षं झाली. गाडी राहिली. तिची नंबर-पाटी खंडव्याची, कारण घेतली तेव्हा बऱ्हाणपूर जिल्हा झालेला नव्हता. आली तेव्हा लोक हसले होते. "एवढा पैसा घालून डबा आणला," म्हणाले. डब्यासारखी ती होतीच. पण त्या डब्यात दहा माणसं आणि टपावर केळीचे घड जात. जैनाबादचे अर्धे नवरदेव तिच्यात बसून गेले होते. तापीला मोठा पूर आला तेव्हा ती दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी होती. धर्मेंद्रने सीटा काढून वाळवल्या, तेल बदललं, आणि तिसऱ्या दिवशी ती बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात गेली. गावात नंतर किती तरी गाड्या आल्या आणि विकल्या गेल्या. धूलकोटचा एक माणूस मात्र दर दिवाळीला क्वालिस देता का म्हणून विचारायला येई, चहा पिऊन परत जाई.

यंदा निरंजनने मनावर घेतलं होतं. नवी गाडी नोंदवली होती, क्वालिसच्याच जपानी कंपनीची. दसऱ्याला मिळणार होती. "इंदूरहून तुम्हीच आणायची," तो धर्मेंद्रला म्हणाला होता. "पहिला हात तुमचा." धर्मेंद्र एकसष्ट वर्षांचा होता. आयुष्यात कोरी गाडी त्याने चालवली नव्हती. ही क्वालिससुद्धा नानांनी आधी महिनाभर स्वतः चालवून, दोन्ही दरवाजे घासून, मग त्याच्या हातात दिली होती. फक्त लायसन्स नवं करायचं होतं, आणि त्याला डॉक्टरचा कागद लागत होता. उद्या सकाळी अकराला जायचं ठरलं होतं. तो डॉक्टर निरंजनच्या ओळखीचा. माणूस दाराशी दिसला की सही करी.

चहा झाला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. जळगावला मालूबाईंचे डोळे दाखवायचे होते. तृप्ती पुढे वाकून दोन सीटांच्या मधे आली.

"मागं टेकून बस बेटा," धर्मेंद्र म्हणाला. सगळ्यांना तो हे सांगे. टेकून बसलेलं माणूस आरशात पूर्ण दिसे.

तृप्ती टेकली. ती पुण्याजवळ चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होती आणि आठ दिवसांच्या सुट्टीवर आली होती. "काका, पता आहे का तुम्हाला? तुम्ही आणि ही गाडी एकाच धंद्यातले."

"ड्रायव्हर आणि गाडी एकाच धंद्यातले नसतील तर काय?"

"तसं नाही हो. लूमचा धंदा. या कंपनीनं आधी गाड्या नाही बनवल्या. आधी लूम बनवले."

धर्मेंद्रने पाय जरा सैल केला. हा शब्द ओठांवर चुकायचा नव्हता, तरी त्याने विचारलं, "लूम?"

"लूम. सच्ची. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं." तृप्ती बोलताना दोन्ही हात चालवी, त्यामुळे तिचं बोलणं घ्यायला सोपं. जपानातल्या एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. घरोघरी बायका हातमागावर राबायच्या, त्याची आईही. ते बघून त्याने लाकडाचा एक माग केला, एका हाताने चालणारा. मग आयुष्यभर मागच करत राहिला. तीस-पस्तीस वर्षांनी त्याने जो केला, तो नाव काढणारा होता.

"त्यात काय होतं?" मालूबाईंनी विचारलं.

"उभा धागा तुटला की तो लूम आपोआप थांबायचा."

"कसा?" धर्मेंद्रने विचारलं. त्याचा आवाज मोठा झाला असावा, कारण शारदावहिनींनी चमकून बघितलं.

तृप्तीने बोटांनी दाखवलं. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पट्टी लटकवलेली. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि लूम तिथल्या तिथे बंद.

"विणकरानं बघायच्या आधी?"

"आधी."

अंतुर्ली मागे पडेपर्यंत धर्मेंद्र त्याच पट्टीचा विचार करत होता. त्याच्या शेडमधल्या लूमला आडवा धागा तुटलेला कळे, उभा कळत नसे. उभा तुटला तरी धोटा धावत राही, कापड होत राही, आणि त्यात एक रेघ पडत जाई. लांबून ते कापड चांगलंच दिसे. विणकराचं लक्ष गेलं तर हातभर रेघ, नाही गेलं तर सबंध तागा. मग मालक तो तागा उजेडात धरून सगळ्यांसमोर बोले. त्या रेघेसाठी सव्वीस वर्षं त्याने डोळे फोडले होते. आणि तिकडे एका सुताराच्या मुलाला पट्टी सुचली होती.

"मग तिथला विणकर काय करायचा?" त्याने विचारलं.

"एकेक जण तीस-तीस लूम सांभाळायचा."

"आम्ही एकेक जण सहा बघायचो," धर्मेंद्र म्हणाला. "म्हणजे आमच्यातल्या पाचांतले चार घरी."

मालूबाई पोट धरून हसल्या. "काका, तुम्ही ना!" तृप्ती म्हणाली, पण तीही हसत होती. त्या लूमचा हक्क पुढे विलायतेच्या एका कंपनीने विकत घेतला आणि त्या पैशातून त्याच्या मुलाने मोटारीचं काम सुरू केलं, असं तिने सांगितलं. "इंडियात पण त्यांनी आधी सुताच्या मशिनी आणल्या. कार नंतर. आणि पहिली कार ही, क्वालिस."

"ते लोक भाविक दिसतात," मालूबाई म्हणाल्या. "जुना धंदा सोडला नाही."

"आमच्याकडे अजून तीच पद्धत आहे आजी. लाइनवर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकतंय वाटलं की कोणीही ओढायची. सगळी लाइन बंद."

"आणि शिव्या?" धर्मेंद्रने विचारलं.

"ओढली म्हणून नाही. ओढली नाही तर."

धर्मेंद्रने ट्रकला वाट दिली. मागून हॉर्न वाजत असणार, हे त्याला बाजूच्या आरशातल्या दिव्यांच्या उघडझापीवरून कळलं होतं.

जळगावला दोन तास गेले. डॉक्टरांनी मालूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालून काळा चष्मा लावून दिला. संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल, म्हणाले. परतीला त्या झोपल्या, तृप्तीही झोपली. आरशात बघायला काही नव्हतं, तेव्हा धर्मेंद्रला बरं वाटलं.

चार वाजता जैनाबादला पोचले. महाजनांचं घर केळीच्या मळ्यातच, पुढे मोठं अंगण, अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड. त्या दिवशी केळीची कटाई होती. समोर गोटू नावाचा गडी ट्रकमध्ये घड चढवत होता. तिघी उतरल्या. धर्मेंद्रने नेहमीप्रमाणे गाडी वळवून शेडमध्ये उलटी घालायला घेतली. आतल्या आरशात मोकळं अंगण. उजव्या आरशात घराची भिंत. डाव्या आरशात शेडचा खांब. हे अंगण त्याला डोळे मिटून येत होतं.

गाडी मागे जात होती. समोरच्या काचेतून त्याला गोटू दिसला. गोटूने घड टाकून दिला होता आणि तो धावत येत होता. त्याचं तोंड उघडं होतं. एवढं उघडं तोंड धर्मेंद्रने लूमच्या शेडमध्ये फक्त एकदा पाहिलं होतं, एकाचा हात पट्ट्यात गेला तेव्हा.

त्याने ब्रेक दाबला.

उतरून मागे गेला तर मालूबाई बंपरला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा. घराकडे जायचं सोडून त्या शेडजवळच्या हौदाकडे तोंड धुवायला निघाल्या होत्या. काठी चाकाखाली जाऊन मोडली होती. गाडीच्या मागच्या कोपऱ्याला लागून, खांबाच्या सावलीत, जिथे कुठलाच आरसा पोचत नाही, तिथे त्या होत्या. तृप्ती डावीकडून धावत आली.

"लागलं का माय?" धर्मेंद्रने विचारलं.

"मले काय होते? काठी गेली." मालूबाईंनी बंपरवर थाप मारली. "गाडी चांगली म्हणून जागच्या जागी थांबली."

"मी तीनदा ओरडले," तृप्ती म्हणाली. ती धापा टाकत होती. "तीनदा, काका."

"तीनदा कायले? पहिल्यालाच थांबला तो," मालूबाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐकलं ना रे तू?"

"हो," धर्मेंद्र म्हणाला.

घरातून शारदावहिनी पाणी घेऊन आल्या. गोटू घड उचलायला परत गेला. जाताना त्याने धर्मेंद्रच्या पाठीवर हात ठेवला आणि काही तरी बोलला, ते पाठीमागून असल्यामुळे धर्मेंद्रला कळलं नाही.

सगळे आत गेल्यावर त्याने मातीतले चाकाचे ठसे बघितले. गाडी वळून मागे यायला लागली ती जागा आणि थांबली ती जागा. पावलं टाकून मोजलं. चौदा पावलं. तृप्ती पहिल्यांदा ओरडली असेल तेव्हा मालूबाई गाडीपासून पाच-सहा पावलांवर असतील. मग त्याने मोडक्या काठीचे दोन्ही तुकडे उचलले, हौदाच्या भिंतीला टेकवून ठेवले, आणि सायकल काढली.

तापीचा पूल ओलांडून घरी आला तेव्हा चंद्रभागा ज्वारी निवडत होती. तिने मान वर करून ओठांनीच विचारलं, लवकर कसे? त्याने ओठांनीच सांगितलं, झालं काम. हातपाय धुतले. मग तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि आवाजात बोलला. घरात तो आवाजात बोलला की तिला काही तरी झाल्याचं कळे.

"मला ऐकू येत नाही."

चंद्रभागाने खडा बाजूला टाकला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तुमच्या पाठीमागून बोलतच नाही. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वयंपाक करता करता ती चूल सोडून त्याच्यासमोर येऊन का बोलते, याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गाडी चालवत होते. दररोज नीट घरी येत होते. मले वाटलं, गाडीत चालून जात असेल." तिने सूप खाली ठेवलं. "आज काय झालं?"

त्याने सांगितलं. चौदा पावलं सांगितली, आणि 'हो' म्हणाल्याचंही सांगितलं. चंद्रभागाने सांडलेले दाणे सुपात भरले. मग तिने वर बघितलं आणि ओठ हलवले, आवाज न काढता, शेडमध्ये बोलायची तसे. मालूबाईंना सांगा.

"सांगितलं तर नवी गाडी गेली."

जाऊ द्या, तिचे ओठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो जैनाबादला गेला. निरंजन अंगणात खाटेवर बसून फोनवर केळीवाल्याशी बोलत होता. मालूबाई पायरीवर. शारदावहिनी कुंड्यांना पाणी घालत होत्या. तृप्ती दात घासत उभी होती. डॉक्टरकडे जायला अजून वेळ होता. धर्मेंद्रने क्वालिसची चावी निरंजनच्या खाटेवर, त्याच्या चष्म्याशेजारी ठेवली आणि उभा राहिला.

निरंजनने फोन ठेवला. "काय झालं धरमभाऊ? पेट्रोलपंपावर जायचं का?"

"भाऊ, मले ऐकू येत नाही. उजव्या कानानं बिलकुल नाही. डाव्यानं नसल्यासारखंच. काल तृप्ती ओरडली ते मी ऐकलं नाही. गोटूचं तोंड दिसलं म्हणून थांबलो."

निरंजनने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग तो हसला. काय बोलावं ते न सुचल्यावर तो हसत असे. "अरे, या घरात कोण कोणाचं ऐकतं? मी तर दोन्ही कान चांगले असून हिचं ऐकत नाही."

"मी मजाक नाही करत, भाऊ. बारा वर्षं झाली."

तृप्तीने चूळ भरली. "काका, सांगायचं ना. बहिऱ्या लोकांना पण लायसन्स मिळतं आता. कायदा आहे. आरसे जास्त लावतात, गाडीवर खूण लावतात, चालवतात मस्त."

"मिळत असेल, बेटा. चांगलं आहे. पण ते सांगून चालवतात. समोरच्याला माहीत असते, मागच्याले माहीत असते. मी लपवून चालवली. तू तीनदा ओरडली, कारण तुले वाटलं मी ऐकतो. माहीत असतं तर तू धावत पुढं आली असती."

तृप्तीने तोंड पुसलं. ती ब्रश हातात धरून उभी राहिली.

मालूबाई पायरीवरून सगळं बघत होत्या. त्यांनी हातानेच त्याला जवळ बोलावलं. तो पायरीशी गेला.

"बावीस वर्षं तू माझं सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या.

"आधीचं ऐकलं, माय. नंतरचं पाहिलं."

"आरशात?"

"आरशात."

मालूबाई पुढे वाकल्या. "म्हणजे मी मागं बसून पुटपुटायची, शारदाबद्दल, ते..."

"तेही पाहिलं."

शारदावहिनींच्या हातातली झारी थांबली. "काय पुटपुटायच्या?" त्यांनी विचारलं. धर्मेंद्र कुंड्यांकडे बघू लागला. आधी मालूबाईंना हसू फुटलं, मग तृप्तीला, आणि शारदावहिनींनी झारी आपटली, पण त्याही हसल्याच. त्या हसण्यात मालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला तो डोळ्यांतल्या औषधामुळे असेल.

निरंजनने चावी उचलली, दोनदा हातात उलटीसुलटी केली. "कानाचं मशीन बसवू. खर्च माझा. आणि कटाईला मुकादम पाहिजेच मले. पण धरमभाऊ, नवी गाडी..."

"तृप्तीला आणू द्या," धर्मेंद्र म्हणाला. "ती त्याच धंद्यातली आहे."

त्याने सायकल घेतली नाही. ती तिथेच राहू दिली, उद्यापासून कटाईला मळ्यात फिरायला लागणार होती म्हणून. पुलावरून तो चालत घरी गेला, उजव्या कडेने, म्हणजे येणाऱ्या गाड्या समोरून दिसाव्यात. बावीस वर्षांत या पुलावर तो पायी चालला नव्हता. पाणी उतरलं होतं आणि खाली दगडांवर बायका कपडे धूत होत्या. धोपटणी वर जाई आणि खाली येई.

कानाचं मशीन आलं. त्यात सगळं एकदम येई, भांडी, कुत्री, मोटारसायकली, सगळं सारख्याच जोराने. लूमच्या शेडमध्ये होतं तसं. दिवसातून तासभर तो ते सवय म्हणून लावी आणि मग डबीत ठेवी. कटाईवर त्याचं बरं चाललं. मळ्यात ट्रकच्या इंजिनामुळे कोणालाच नीट ऐकू येत नाही. त्याने गड्यांना हाताच्या खुणा शिकवल्या, आणि पंधरा दिवसांत गोटू त्याच्याशी शंभर पावलांवरून भांडू लागला.

दसऱ्याला तृप्ती पुन्हा आली. ती आणि निरंजन आदल्या दिवशी बसने इंदूरला गेले आणि दसऱ्याच्या दुपारी नवी गाडी घेऊन परत आले. जैनाबादला जायच्या आधी गाडी सिंधीपुऱ्यात, धर्मेंद्रच्या गल्लीत, वळली. मालूबाईंनी फोनवरून तसं बजावलं होतं. पूजा धरमच्या दारात, मग घरी.

गल्ली अरुंद. गाडी आत आली तर दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. लूमच्या शेडमधून माणसं कपाळावर कुंकवाचे टिळे घेऊन बाहेर आली. दसरा म्हणून मागांची पूजा झाली होती, सकाळपासून सगळं बंद होतं. चंद्रभागाने ताट आणलं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली गेली. नारळ धर्मेंद्रने फोडला. पाणी चाकावर शिंपडलं. गाडी पांढरी होती. तिच्या दारात त्याला गल्लीतली घरं दिसत होती, आणि फुटका नारळ घेऊन उभा असलेला एक म्हातारा.

"बसा ना धरमभाऊ, आत," निरंजन काच खाली करून म्हणाला.

"आधी घरी जा. माय वाट बघत असेल," धर्मेंद्र म्हणाला आणि बाजूला झाला.

तृप्तीने बटण दाबलं. गल्ली कान देऊन उभी राहिली. नव्या गाडीचं इंजिन कसं बोलतं ते ऐकायला माणसं पुढे सरकली. काही झालं नाही. ही गाडी सुरुवातीला बॅटरीवर सरकते, इंजिन मागाहून लागतं, हे शोरूमवाल्याने निरंजनला सांगितलं होतं. गल्लीला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारचा मयूर मोटारसायकली दुरुस्त करी. त्याने बॉनेटला कान लावला, सरळ झाला, बॉनेटवर पुन्हा कान ठेवला. लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी तरी म्हणालं, कोरी गाडी आणि बंद पडली.

मयूर वळून धर्मेंद्रसमोर आला. "धरमकाका, हिला तर आवाजच नाही. चालू तरी झाली का?"

धर्मेंद्रने त्याच्या ओठांवरची नजर खाली चाकांकडे नेली.

"झाली," तो म्हणाला. "चाकं बघ."

पुढचं लिंबू हळूच चेपलं, फुटलं. गल्लीतली सगळी माणसं वाकून चाकांकडे बघू लागली.